आदिवासी मुलीचा वाटा : समज काय, कायदा काय

चेन्नईच्या उत्तर टोकाला, कोसस्थलैयार नदी समुद्राला मिळते तिथे एन्नोरची खाडी आहे. भोवती औष्णिक वीजकेंद्रं, बंदरं आणि राखेचे तलाव. या पाण्यात उतरून इरुळर जमातीची माणसं नुसत्या हातांनी कोळंबी पकडतात, आणि त्यात बायकाही असतात. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुराबरोबर मनालीच्या औद्योगिक पट्ट्यातून तेल वाहत आलं, ते याच खाडीत पसरलं. अशा वेळी पंचनाम्याला आणि भरपाईच्या यादीला कागद लागतो: जागेचा, जमातीचा, कामाचा. तो बाईच्या नावाने असण्याची शक्यता सगळ्यात कमी. इरुळर ही तमिळनाडूतली विशेष असुरक्षित आदिवासी जमात आहे, जशी आपल्याकडची कातकरी. म्हणून एन्नोरच्या बाईचा जमिनीवर हक्क काय, हा प्रश्न रायगडच्या कातकरीवाडीत आणि गडचिरोलीच्या गोंड पाड्यावरही तसाच उभा राहतो. उत्तरही बऱ्याच अंशी एकाच केंद्रीय कायद्यात आहे, आणि त्या कायद्याबद्दल सुशिक्षितांतही कमालीचे गैरसमज आहेत.

गैरसमज : 2005 नंतर सगळ्याच मुलींना वडिलांच्या जमिनीत सारखा वाटा मिळतो.

मिळत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी मुलाइतकीच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून वाटेकरी, झाली. तमिळनाडूने हे 1989 मध्ये आणि महाराष्ट्राने 1994 मध्येच काही अटींसह केलं होतं. पण याच 1956 च्या कायद्याचं कलम 2(2) सांगतं की केंद्र सरकार अधिसूचना काढत नाही तोवर हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. देशातल्या सगळ्या जमातींसाठी अशी अधिसूचना आजवर निघालेली नाही. म्हणजे शेजारच्या कुणबी घरातली मुलगी ज्या कायद्यावर बोट ठेवून वाटा मागते, तो वारली मुलीला थेट वापरता येत नाही. डिसेंबर 2022 मध्ये कमला नेती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला या तरतुदीचा फेरविचार करायला सांगितलं. ऑक्टोबर 2025 मध्ये मात्र, हिमाचलच्या आदिवासी भागातल्या मुलींना हा कायदा लावा, असे तिथल्या उच्च न्यायालयाने दिलेले निर्देशच सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. कायदा बदलणं संसदेचं आणि सरकारचं काम आहे, न्यायालय ते परस्पर करू शकत नाही, एवढं यातून स्पष्ट होतं. सत्तर वर्षं होत आली तरी ते काम झालेलं नाही, हा माझ्या मते सरळ अन्याय आहे.

गैरसमज : कायदा लागू नाही म्हणजे आदिवासी मुलीला वाटा नाहीच.

हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो, कारण तलाठ्यापासून वकिलापर्यंत अनेकजण तो खरा मानून बाईला दारातूनच परत पाठवतात. कायदा लागू नसेल तेव्हा जमातीची रूढी लागू होते. पण रूढी सिद्ध कोणी करायची? छत्तीसगडमधल्या सुरगुजाच्या एका गोंड कुटुंबात आईच्या वाट्यासाठी तिच्या वारसांनी दावा लावला. 2008 पासून 2022 पर्यंत खालचं न्यायालय, अपिलाचं न्यायालय आणि उच्च न्यायालय अशा तिन्ही पायऱ्यांवर ते हरले, कारण मुलींना वाटा देण्याची रूढी त्यांनी सिद्ध केली नाही. 17 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेबच उलटा ठरवला. मुलींना वगळणारी रूढी आहे, असं ज्याला म्हणायचंय त्याने ती सिद्ध करावी. ती सिद्ध झाली नाही, तर न्याय, समता आणि सद्‌विवेक यांच्या आधारे आणि संविधानाच्या कलम 14 प्रमाणे बाईला समान वाटा. त्याआधी 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही एका आदिवासी कुटुंबातल्या स्त्रियांना समान वाटा मान्य केला आणि वगळणारी रूढी सिद्ध झालेली नाही याकडे बोट दाखवलं.

‘आमच्यात मुलींना देत नाहीत’ हे भावांचं वाक्य आता पुरावा म्हणून पुरत नाही. रूढी जुनी, सलग आणि निश्चित असल्याचं साक्षीपुराव्याने दाखवावं लागतं.

गैरसमज : मुलीला वाटा दिला तर जमीन बिगरआदिवासींच्या घशात जाईल.

ही भीती खोटी नाही, आदिवासींच्या जमिनी खरोखरच लुबाडल्या गेल्या आहेत. आदिवासी स्त्रियांच्या वारसाहक्कावरच्या 1996 च्या मधू किश्वर खटल्यातही हाच युक्तिवाद झाला होता. पण त्यावरचा इलाज जमीन हस्तांतरणाच्या कायद्यात आहे, त्यासाठी बहिणीचं नाव खोडावं लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय देता येत नाही, मालक पुरुष असो की बाई. आणि जात-जमात जन्माने ठरते, परजातीत लग्न केलं म्हणून बाईची जमात बदलत नाही. तिच्या मुलांची जमात कोणती, हे मात्र ती मुलं कुठे, कशी वाढली यावर प्रत्येक प्रकरणात तपासलं जातं.

गैरसमज : सातबारावर नाव नाही, म्हणजे हक्क संपला.

सातबारावरची नोंद महसुलासाठी असते. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि नाव वगळल्याने वारसाहक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. तरीही वडील गेल्यावर वारसनोंदीकडे लक्ष ठेवावं, नोटीस आली की मुदतीत हरकत घ्यावी, आणि नोंद चुकीची झाली तर साठ दिवसांत प्रांताधिकाऱ्याकडे अपील करावं. भावाने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर न वाचता अंगठा देऊ नये. नोंदणी न झालेल्या हक्कसोडपत्राने हक्क जात नाही, पण नोंदणी झालेलं मोडून काढणं फार कठीण असतं.

वनजमिनीचा कायदा इथे पुढे आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 4(4) प्रमाणे विवाहितांना पट्टा पतिपत्नी दोघांच्या नावाने द्यावा लागतो, एकल बाई कुटुंबप्रमुख असेल तर तिच्या एकटीच्या नावाने. एकट्या नवऱ्याचं नाव आलेला पट्टा ही चूक आहे आणि ती दुरुस्त करून मागता येते.

गैरसमज : हे सगळं वकिलाला पैसे देणाऱ्यांसाठी.

एन्नोरच्या इरुळर किंवा रायगडच्या कातकरी घरात बहुतेकदा वाटायला जमीनच नसते. घर उभं असतं सरकारी किंवा दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर. त्यांना वाटणीच्या दाव्याआधी जमातीचा दाखला, घराच्या जागेचा पट्टा आणि भरपाईचा अर्ज यांसाठी मदत लागते, आणि तीही कायदेशीर मदतच आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोणतीही स्त्री आणि अनुसूचित जातीजमातीची कोणतीही व्यक्ती, उत्पन्न न बघता, मोफत वकिलाला पात्र आहे. तालुका न्यायालयातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, आणि देशभर चालणारा दूरध्वनी क्रमांक 15100 आहे. तुमच्या ओळखीत वाट्यासाठी अडलेली एखादी आदिवासी बाई असेल, तर तिला हा क्रमांक लिहून द्या आणि शक्य असेल तर पहिल्या दिवशी तिच्याबरोबर त्या कार्यालयात जा.