साखर मोजणारी शंभर वर्षं

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या जनरल हॉस्पिटलात लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. तेव्हा त्याचं वजन ३० किलोंच्याही आत होतं. त्या काळी मधुमेहावर डॉक्टरांच्या हाती खरा उपाय एकच होता, उपासमार. अमेरिकेतले डॉ. फ्रेडरिक ॲलन यांच्या पद्धतीत रुग्णाला इतकं मोजकं खायला देत की लघवीतली साखर थांबायची. मुलं थोडी जास्त जगायची, पण भुकेने झिजत. घरच्यांचं काम एवढंच, की पोराच्या हाताला अन्न लागू द्यायचं नाही. मधुमेही माणसाला घराने कशी मदत करायची, याचा गेल्या शंभर वर्षांतला प्रवास पाहू लागलं की सुरुवातीला ही अन्नावरची राखण दिसते. औषधं तिथून फार पुढे निघून गेली. घरं तेवढी पुढे गेली का, हे तपासण्यासाठी हा मागोवा.

लिओनार्डला दिलेलं पहिलं इंजेक्शन फारसं लागू पडलं नाही. अर्क अशुद्ध होता, टोचलेल्या जागी गळू झालं. इन्सुलिनचा शोध लावणारे फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट आणि जे. जे. आर. मॅक्लाउड यांच्यासोबत काम करणारे जेम्स कॉलिप पुढचे बारा दिवस अर्क शुद्ध करत राहिले. २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शन दिलं आणि साखर झपाट्याने उतरली. लिओनार्ड त्यानंतर तेरा वर्षं जगला. पहिल्या इंजेक्शनच्या पुढच्याच वर्षी शोधाचे हक्क टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देण्यात आले, ते औषध कुणा एकाची मिरासदारी होऊ नये म्हणून.

इन्सुलिन आलं आणि मदतीचा अर्थ बदलला. आता नुसतं उपाशी ठेवून भागणार नव्हतं. किती खाल्लं, किती कष्ट झाले आणि किती इन्सुलिन टोचलं याचा रोज मेळ घालावा लागणार होता. हा हिशेब डॉक्टर घरी येऊन करणार नाही, हे बॉस्टनच्या डॉ. इलियट जॉसलिन यांनी आधीच ओळखलं. इन्सुलिन येण्यापूर्वीच, १९१८ साली, त्यांनी डॉक्टर आणि रुग्ण दोघांसाठी मधुमेहाची माहितीपुस्तिका काढली होती. या आजारात शिकवणं हा उपचाराचाच भाग आहे, ही त्यांची धारणा.

आपल्याकडे हे शिक्षण बराच काळ न्हाणीघरातच चाललं. माझ्या आजोबांच्या न्हाणीघराच्या खिडकीत एक परीक्षानळी, चिमटा, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या द्रावणाची बाटली असे. नळीत ते बेनेडिक्टचं द्रावण घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. रंग निळा राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी, पुढे पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी. आजी लांबूनच रंग बघायची आणि त्या दिवशीचा भात ठरवायची. काचेची सिरिंज रोज पातेल्यात उकळायची, सुई पुन्हा पुन्हा तीच. या परीक्षेत एक मोठी उणीव होती. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली तरच ती लघवीत उतरते. म्हणजे निळा रंग दिसला तरी साखर १५० आहे की ५०, हे कळायला मार्ग नव्हता. आणि जो अंदाज यायचा तोही काही तासांपूर्वीचा.

ती उणीव भरून निघाली ती रक्ताच्या थेंबाने. १९६० च्या दशकात रक्तासाठी पट्ट्या आल्या, १९७० च्या सुमारास पट्टीचा रंग वाचणारं पहिलं यंत्र आलं. ते दवाखान्यांसाठी होतं. १९८० च्या दशकात ग्लुकोमीटर घरात येऊ लागला आणि बोटाला टोचून त्या क्षणीची साखर घरबसल्या कळू लागली. १९८२ साली जनुकीय तंत्राने तयार केलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं. त्याआधीचं इन्सुलिन गाय-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं असे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी रूढ झाली. अमेरिकेतल्या १९९३ च्या आणि ब्रिटनमधल्या १९९८ च्या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवून दिलं की साखर नीट सांभाळली तर डोळे, मूत्रपिंड आणि नसा यांचं नुकसान खूपच कमी होतं. तोवर हा नुसता विश्वास होता, आता पुरावा मिळाला.

याच सुमारास पुण्यात एक वेगळं काम सुरू झालं होतं आणि मराठी घरांनी ते समजून घ्यायला हवं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास हाती घेतला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅम हलकी. पण जी घट होती ती मुख्यतः स्नायूंची. चरबी तुलनेने टिकून होती. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचं शेजारी शेजारी छायाचित्र छापून आलं. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांना मधुमेह का होतो, याचं उत्तर निदान काही अंशी आईच्या पोटातल्या पोषणापर्यंत मागे जातं. “जिभेवर ताबा नव्हता, म्हणून झाला” हे वाक्य त्यानंतर तरी घराघरांतून हद्दपार व्हायला हवं होतं.

ते झालेलं नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीने भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज दिला. दंडाला चिकटवलेला सेन्सर आता दिवसरात्र साखर मोबाइलवर दाखवतो. तरी हळदीकुंकवाला, मुंजीला, सत्यनारायणाला मधुमेही माणसाच्या ताटाकडे चारजण डोळे लावून असतात. “तुला चालतं का हे?” असं भर पंगतीत विचारलं जातं. दुसऱ्या बाजूला “गुळाचं आहे, घे गं, गुळाने काही होत नाही” असा आग्रहही होतो. गुळाने साखर वाढते. साबुदाण्याच्या खिचडीनेही वाढते. आणि सकाळी इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेऊन कडक उपास धरला तर ती धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

साखर उतरणं किती झटपट होतं ते मी आईच्या बाबतीत पाहिलं आहे. मध्यरात्री तिचा गाऊन घामाने चिंब, हात थरथरत होते, आणि काय होतंय विचारलं तर ती चिडून म्हणाली, “काही झालेलं नाही मला, झोपू दे.” ती चिडचिड हेही लक्षणच. साखर ७० च्या बरीच खाली गेली की मेंदूला इंधन पुरत नाही, माणूस असंबद्ध बोलतो, नको म्हणतो. अशा वेळी वाद घालायचा नाही. तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायला द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा द्यायची. चॉकलेट किंवा पेढा देऊ नये. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश जाते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

मदत असते ती अशी, माहितीवर उभी असलेली. रात्री झोपताना बाबांच्या तळपायांवरून नजर फिरवणं, कारण बधिर पायाला काटा रुतलेला कळत नाही. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्यायची आठवण ठेवणं. मधुमेह्यासाठी वेगळं मिळमिळीत न रांधता सगळ्यांच्याच ताटात भात कमी आणि उसळ, भाजी, कोशिंबीर जास्त करणं. जेवण झाल्यावर “जा, फिरून ये” असं न सांगता सोबत निघणं. आकडा २५० आला तर “काय खाल्लंस?” असं न विचारता “बरं वाटत नाहीये का?” असं विचारणं, कारण तापाने, जंतुसंसर्गाने, काळजीनेही साखर चढते. आणि घरात टाइप १ मधुमेह असलेलं मूल असेल तर कुणाच्याही सांगण्यावरून काढ्यासाठी, चूर्णासाठी त्याचं इन्सुलिन एक दिवसही थांबू न देणं. त्याच्या शरीराने इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी स्वतःच नष्ट केलेल्या असतात. त्यात त्या मुलाचा दोष नाही आणि आईचाही नाही.

शंभर वर्षांत मोजमाप प्रयोगशाळेतून न्हाणीघरात, तिथून बोटाच्या टोकावर आणि आता दंडावर आलं. मधुमेही माणूस रोज डझनभर निर्णय एकट्याने घेतो. त्या निर्णयांतले दोन-चार तरी घराने आपल्याकडे घेतले, त्यासाठी आजार नीट शिकून घेतला, तर त्याचं ओझं खरोखर हलकं होतं. ताटावरचा पहारा १९२२ साली संपायला हवा होता. तो आता आपण उठवायचा आहे.