फ्लॅशचा अस्त आणि अभिलेखांची वाचनीयता

संगणकीय अभिलेखाचे आयुष्य तो वाचणारे साधन किती काळ टिकते यावरही अवलंबून असते. ‘फ्लॅश’ या पूरक प्रणालीचा इतिहास याचे बोलके उदाहरण होय.

१९९६ साली जन्मलेली ही प्रणाली ब्राउझरला जोडली असता, त्याला त्या काळी स्वतः न साधणारी चलच्चित्रे पडद्यावर येत. आयोवा विद्यापीठाने इंग्रजी व स्पॅनिश ध्वनींचे उच्चारण दाखविणारी चलच्चित्रे याच माध्यमात रचली होती. पुढे सुरक्षिततेतील दोष वारंवार उघडकीस आले. आयफोनच्या ब्राउझरने फ्लॅशला कधीच थारा दिला नाही. आणि २०१४ साली प्रमाणित झालेल्या ‘एचटीएमएल-५’मुळे तिचे प्रयोजनही उरले नाही. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीने तिचा आधार थांबविला. जानेवारी २०२१ मध्ये क्रोम व फायरफॉक्स यांनीही तिला आपल्या नव्या आवृत्त्यांतून वगळले.

जतन केलेल्या फायली यानंतरही शाबूत राहिल्या. परंतु लिपी जाणणारा न उरल्यास शिलालेखाची जी गती होते, तीच त्यांची झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये इंटरनेट आर्काइव्हने ‘रफल’ या अनुकारी प्रणालीच्या साहाय्याने अशा अनेक कृती पुनः वाचनीय केल्या. या फायलींच्या रचनेचे वर्णन पूर्वीच प्रसिद्ध झालेले असल्याने हे कार्य सुकर झाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तात्पर्य, बोलींची सामग्री जतन करताना ध्वनीसाठी ‘वेव्ह’ व संहितेसाठी युनिकोड यांसारखी, ज्यांची रचना सर्वांस ज्ञात आहे अशी रूपेच अभ्यासकाने स्वीकारणे इष्ट होय.