विश्लेषण : आई-वडिलांनंतर प्रौढ बौद्धिक दिव्यांगांचे घर कोणते? चर्च, पालक संघटना आणि कायदा काय देतात?

भिवंडीतील धामणकर नाका असो की मुंबईतील भायखळा, ज्या घरात तिशी-चाळिशीतला बौद्धिक दिव्यांग मुलगा किंवा मुलगी आहे, तिथल्या वृद्ध आई-वडिलांना एकच चिंता असते : 'आमच्या पश्चात याचे काय?' विशेष शाळा साधारण अठराव्या वर्षी संपते. त्यानंतरची अनेक दशके बहुतेकदा आईच्या भरवशावर जातात. या प्रश्नावर चर्चशी जोडलेल्या संस्थांनी, पालकांनी आणि सरकारने कोणते मार्ग काढले, त्याचा हा आढावा.

प्रश्न किती मोठा?

२०११च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यापैकी सुमारे १५ लाख बौद्धिक दिव्यांग होत्या. वैद्यकीय उपचार सुधारल्याने त्यांचे आयुर्मानही वाढले आहे. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुष्य सुमारे २५ वर्षे होते, आता ते साठीच्या आसपास पोहोचले आहे. म्हणजे मूल आई-वडिलांच्या मागे राहणार, हे आता गृहीतच धरावे लागते.

चर्चशी जोडलेल्या संस्थांनी काय केले?

आपल्याकडचे ठळक उदाहरण भायखळ्याचे 'आशा दान'. मदर तेरेसा यांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या सिस्टर्स तिथे टाकून दिलेल्या व दिव्यांग मुलांचा आणि निराधारांचा सांभाळ करतात. जागा मात्र त्यांची नाही. तेव्हाच्या हिंदुस्तान लीव्हर कंपनीने १९७६ मध्ये ऐन मुंबईत सुमारे ७२,५०० चौरस फुटांची जागा या कामासाठी दिली. एकाने छप्पर दिले, दुसऱ्याने माणसे दिली. मुंबईसारख्या शहरात हीच विभागणी निर्णायक ठरते, कारण सेवेची तयारी असलेले लोक सापडतात, पण जागा परवडत नाही.

दुसरा नमुना 'लार्श'चा. १९६४ मध्ये फ्रान्समधील एका खेड्यात ज्याँ व्हानिए यांनी बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना मोठ्या संस्थेतून आणून स्वतःसोबत एका घरात ठेवले. ख्रिस्ती प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या या चळवळीत दिव्यांग आणि मदतनीस एकाच छताखाली, एकाच पंगतीत राहतात. भारतात १९७० मध्ये बेंगळूरुत 'आशा निकेतन' या नावाने तिची सुरुवात झाली.

अलीकडे भर जमिनीवर आहे. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून धार्मिक संस्थांना स्वतःच्या जागेवर परवडणारी घरे बांधणे सोपे केले. हा कायदा केवळ दिव्यांगांसाठी नाही, पण वापरात नसलेल्या आवाराचे घर कसे करता येईल, याची दिशा तो दाखवतो.

ठाणे जिल्ह्यात कोणता पर्याय आहे?

भिवंडी ज्या जिल्ह्यात येते, त्याच ठाणे जिल्ह्यात बदलापूरला 'आधार' ही संस्था आहे. बौद्धिक दिव्यांगांच्या पालकांच्या संघटनेनेच ती उभी केली. प्रौढांना तिथे आयुष्यभर राहण्याची सोय आहे. केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची 'घरौंदा' ही योजनाही अशाच सामूहिक निवासासाठी आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता असलेल्या प्रौढांसाठी नोंदणीकृत संस्था अशी घरे चालवतात.

धोका कुठे आहे?

बंद दाराआड काय चालते, हे अनेकदा तिथे राहणाऱ्याला सांगता येत नाही. २०११ मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीतील एका निवासी संस्थेत बौद्धिक दिव्यांग मुलींवर झालेले अत्याचार उघड झाले. २०१३ मध्ये न्यायालयाने संस्थाचालकासह काही आरोपींना दोषी ठरवले.

धर्माच्या नावाने चालणारे कामही याला अपवाद नाही. व्हानिए यांच्या निधनानंतर 'लार्श'नेच नेमलेल्या चौकशीत त्यांनी किमान सहा महिलांचे लैंगिक शोषण केल्याचे २०२० मध्ये समोर आले. या महिला दिव्यांग नव्हत्या. संस्थेने हा अहवाल स्वतःहून प्रसिद्ध केला. चालक कितीही पूज्य असला तरी बाहेरची तपासणी हवीच, हा त्यातला धडा.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम ५ नुसार दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क आहे. त्यांना ठरावीक ठिकाणीच राहायला भाग पाडले जाऊ नये, यासाठी सरकारने प्रयत्न करायचे आहेत. कलम ५० नुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय दिव्यांगांसाठी संस्था चालवता येत नाही. ती चर्चची असो, मठाची असो वा पालकांची, नियम एकच.

भिवंडीतील पालकांनी आज काय करावे?

* कायदेशीर पालकत्व : मूल १८ वर्षांचे झाले की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. भिवंडीसाठी ही समिती ठाणे जिल्ह्याची. पालक आपल्या पसंतीच्या व्यक्तीचे नाव सुचवू शकतात.
* मालमत्तेचा हिशेब : नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत स्थावर मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. दुर्लक्ष किंवा अफरातफर झाल्यास त्याला हटवण्यासाठी अर्ज करता येतो.
* कागदपत्रे आणि विमा : यूडीआयडी कार्ड काढून ठेवावे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते.
* संस्थेची पाहणी : नोंदणी प्रमाणपत्र मागावे. न कळवता भेटायला येता येते का, रात्री किती कर्मचारी असतात, स्त्रियांसाठी महिला कर्मचारी आहेत का, आजारपणात कोणत्या रुग्णालयात नेतात, हे विचारावे.
* आधी सवय, मग मुक्काम : आई-वडील हयात असतानाच थोडे-थोडे दिवस तिथे राहण्याची सवय लावावी. आईचे जाणे आणि घराचे सुटणे एकाच दिवशी आले, तर तो धक्का पेलणे फार अवघड जाते.

मग अडते कुठे?

जागा दानात मिळू शकते. चर्चच्या आवारातली असो, कंपनीची असो वा पालकांनी वर्गणी काढून घेतलेली. देखरेख मात्र दानात मिळत नाही. ती जिल्हा समितीला, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना वर्षानुवर्षे करावी लागते. म्हणूनच असे घर गावाबाहेर एखाद्या माळरानावर नसावे. ते लोकांची ये-जा असलेल्या वस्तीत असावे. नाक्यावरच्या दुकानदाराला तिथले रहिवासी नावाने ठाऊक असतील, तर त्यातला एखादा दोन दिवस दिसला नाही की कुणीतरी चौकशी करेल.