निळ्या रक्ताचे पाहुणे

तुमच्या घरी पिण्याचे पाणी कशात भरून ठेवतात? आमच्या घरी आजही तांब्याची घागर आहे. रात्री ती घासून भरायची आणि सकाळी तीतले पाणी प्यायचे, हा माझ्या आईचा नेम. काही वर्षांपूर्वी मी मुलीसाठी बारा तांबडे झिंगे विकत आणले. पाहुण्यांना घरातले सर्वांत चांगले पाणी द्यावे, अशा भाबड्या विचाराने मी काचेच्या लहानशा टाकीत त्या घागरीतलेच पाणी ओतले. पाणी अगदी नितळ होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो दहा झिंगे तळाशी आडवे पडलेले!

"बाबा, हेच पाणी तर आपण पितो!" मुलगी म्हणाली. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या तिच्या बापाजवळ त्या वेळी उत्तर नव्हते. उरलेले दोन झिंगे मी प्लास्टिकच्या बादलीत साठवलेल्या नळाच्या पाण्यात हलवले. ते जगले. म्हणजे दोष पाण्यात होता. पण जे पाणी आपल्याला मानवते, ते झिंग्यांना का मारते? ते उत्तर शोधताना जे हाती लागले, ते आज तुम्हांला सांगायचे आहे.

पाहुण्यांची ओळख

झिंगा हा संधिपाद संघातील कवचधारी प्राणी. म्हणजे खेकडा त्याचा जवळचा नातलग आणि कीटक दूरचे भाऊबंद. घरी पाळण्यास सर्वांत सोपा तो निओकॅरिडिना डेव्हिडी हा झिंगा. पूर्व चीन व तैवान येथील ओढे हे याचे मूळ घर. लांबी जेमतेम दोन ते तीन सेंटिमीटर, आयुष्य एक ते दोन वर्षे. ओढ्यातला झिंगा मळकट, हिरवट-तपकिरी असतो. बाजारात मिळणारे तांबडे, पिवळे, निळे झिंगे ही माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवलेली वाणे आहेत. निरनिराळ्या रंगांचे झिंगे एकाच टाकीत ठेवले, तर काही पिढ्यांत पुन्हा मूळचा मळकट रंग दिसू लागतो. म्हणून एका टाकीत एकच रंग ठेवावा.

आता रक्ताकडे वळू. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये लोह असते आणि ते प्राणवायू वाहून नेते. झिंग्याच्या रक्तात हे काम हिमोसायनिन करते. त्यात लोहाऐवजी तांबे असते. तांब्याचे दोन अणू मिळून प्राणवायूचा एक रेणू धरतात आणि तो धरला, की रक्तावर निळी झाक येते. म्हणजे तांब्यावाचून झिंगा जगू शकत नाही. मग तांब्याने तो मरतो कसा?

याचे उत्तर प्रमाणात आहे. गोड्या पाण्यापेक्षा झिंग्याच्या रक्तात क्षार जास्त असतात. त्यामुळे परासरणाने बाहेरचे पाणी सतत शरीरात शिरू पाहते आणि क्षार बाहेर निसटू पाहतात. झिंग्याचे कल्ले पाण्यातले क्षार पुन्हा आत ओढून घेतात, म्हणून तोल टिकतो. पाण्यात विरघळलेले तांबे नेमकी ही व्यवस्था बिघडवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाच्या पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे चालते. झिंग्यांना त्याच्या कितीतरी कमी तांबेही घातक ठरते. तांबे ओळखण्याची रसायने आणून मी घागरीतले पाणी तपासले, तेव्हा त्यात तांबे असल्याचे रंगावरून लगेच दिसले. एका रात्रीत ते घागरीतून पाण्यात उतरले होते. आईला अपाय नव्हता. झिंग्यांचा मात्र त्याने घात केला.

हा धोका घागरीपुरताच नाही. माशांच्या काही औषधांत आणि शेवाळ मारण्याच्या द्रावणांत मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट असते. झिंग्यांच्या टाकीत ती वापरू नका. डासांसाठी फवारलेली कीटकनाशकेही तशीच. कीटकांचा जीव घेणारे विष त्यांच्या भाऊबंदांना कसे सोडील?

टाकी आधी, झिंगे मागाहून

माझी दुसरी चूकही कबूल करतो. माझी टाकी अगदी नवी होती. तांब्यातून झिंगे बचावले असते, तरी पुढच्या काही दिवसांत ते संकटात सापडले असते. झिंग्यांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी आहे. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते बरेच निरुपद्रवी असते आणि वनस्पती ते खत म्हणून घेतात. हे जिवाणू वाळूवर, दगडांवर आणि गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात. ती वस्ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ टाकीत पाणी, वाळू व वनस्पती ठेवून, चिमूटभर माशांचे खाद्य कुजू देऊन वाट पाहावी. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आले, की मगच झिंगे आणावेत.

टाकी उंच बरणीसारखी नको, पसरट हवी. प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून आत येतो; म्हणून पृष्ठभाग जितका मोठा तितके बरे. ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद टाकीत सुमारे २२ सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरले, तर ते ४० लिटर होते. नळाचे पाणी उघड्या प्लास्टिकच्या बादलीत एक दिवस ठेवावे, म्हणजे त्यातला क्लोरीन निघून जातो. हवेच्या छोट्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी सर्वांत उत्तम, कारण तिच्यात पिल्ले ओढली जात नाहीत. जावा मॉससारखे शेवाळ आणि देशी बदामाचे एखादे वाळलेले पान टाकीत सोडावे. त्यांवर सूक्ष्मजीवांचा चिकट थर जमतो, तोच झिंग्यांचा रोजचा घास. वरून उकडलेल्या पालकाचा लहानसा तुकडा पुरे. पालक आधी नीट धुवावा आणि खाऊन उरलेला तुकडा काही तासांत काढून टाकावा.

आणलेले झिंगे पिशवीतून एकदम टाकीत ओतू नयेत. क्षारांचे प्रमाण अचानक बदलले, तर परासरणाचा तोल ढळतो. त्यांना एका भांड्यात ठेवा आणि टाकीतून बारीक नळीने वक्रनलिका लावा. नळीला सैल गाठ मारून सेकंदाला दोन थेंब पडतील असे करा. सुमारे २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. म्हणजे तासात ३६० मिलिलिटर पाणी हळूहळू मिसळेल.

दोन हिशेब

पहिला हिशेब बाष्पीभवनाचा. ४० लिटरच्या टाकीतून आठवड्याला ३ लिटर पाणी उडून गेले, असे समजा. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. आता तुमच्या नळाच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅम क्षार असतील आणि तेच पाणी तुम्ही भर म्हणून घातलेत, तर दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम क्षार नव्याने येतात. म्हणजे लिटरमागे १५ मिलिग्रॅम वाढ. वीस आठवड्यांत २०० चे ५०० होतात आणि पाणी मात्र पहिल्याइतकेच नितळ दिसते! यावर उपाय सोपा आहे. उडालेल्या पाण्याची भर क्षारविरहित पाण्याने करावी. स्वच्छ साठवलेले पावसाचे किंवा घरच्या आरओ शुद्धियंत्राचे पाणी चालते. शिवाय दर आठवड्याला टाकीतले दहावा हिस्सा पाणी बदलून तेवढेच साठवलेले नळाचे पाणी घालावे. सगळे क्षार काढलेल्या पाण्यावरच मात्र झिंगे ठेवू नयेत. कवचासाठी त्यांना कॅल्शियम लागते. लिटरमागे १०० ते १५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका कठीणपणा त्यांना मानवतो.

दुसरा हिशेब उन्हाळ्याचा. या झिंग्यांना २२ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आवडते. पाणी तापले, की त्यात प्राणवायूही कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. अशा वेळी पाण्यावरून लहान पंख्याचा वारा सोडा. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेते. १०० ग्रॅम पाणी उडाले, तर २,४०,००० ज्यूल गेले. ४० लिटर पाणी एक अंशाने थंड करायला १,६८,००० ज्यूल काढावे लागतात. म्हणजे तापमान जवळजवळ दीड अंशाने उतरावे. खोलीतून उष्णता परत येत असते, म्हणून प्रत्यक्षात ते कमी उतरते. कोरड्या हवेत, जसे नागपूर-जळगावकडे, हा उपाय चांगला चालतो. मुंबईच्या दमट हवेत तितका नाही. का, ते तुम्हीच सांगा!

कात, अंडी आणि पिल्ले

एके दिवशी टाकीत पांढरट, पारदर्शक झिंगा निपचित पडलेला दिसेल. घाबरू नका. ती बहुधा कात असते. कवच वाढत नाही, म्हणून झिंगा वाढताना ते टाकून देतो आणि नवे कवच टणक होईपर्यंत लपून बसतो. कात काढून टाकू नये. झिंगे ती खातात आणि तिच्यातले कॅल्शियम परत मिळवतात.

मादी नरापेक्षा मोठी आणि गडद रंगाची असते. तिच्या पाठीवर, डोक्यामागे, पिवळसर खोगिरासारखा डाग दिसतो. ती अंडाशयात तयार होणारी अंडी होत. मादीने कात टाकली, की ती पाण्यात एक रासायनिक संदेश सोडते आणि सारे नर वेड्यासारखे टाकीभर पोहू लागतात. मीलनानंतर अंडी पोटाखालच्या पोहण्याच्या पायांना चिकटतात. साधारण वीस ते तीस अंडी मादी तीन-चार आठवडे सांभाळते. पाय सतत हलवून ती त्यांना ताजे पाणी आणि प्राणवायू पुरवते. भिंग घेऊन पाहिलेत, तर फुटण्याआधी अंड्यात पिल्लाचे काळे डोळे दिसतील.

बाहेर येणारे पिल्लू दोनेक मिलिमीटरचे, पण आईबापांची हुबेहूब छोटी प्रतिकृती असते. हे सर्वच झिंग्यांत घडत नाही. आपल्याकडच्या नद्यांत सापडणाऱ्या मोठ्या कोळंबीची, मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गीची, अळी आईबापांपेक्षा अगदी वेगळी असते आणि ती निव्वळ गोड्या पाण्यात जगत नाही. तिला खाडीचे मचूळ पाणी लागते, हे शाओ-वेन लिंग या शास्त्रज्ञाला १९६१ साली मलेशियात उमगले आणि त्यानंतरच या कोळंबीची शेती शक्य झाली. आपल्या छोट्या पाहुण्यांचा जीवनक्रम मात्र पूर्णपणे गोड्या पाण्यात उरकतो, म्हणून त्यांची पैदास घरच्या टाकीत होते. मासे मात्र या टाकीत नकोत. ते पिल्ले खातात.

अडीच-तीन महिन्यांत ही पिल्ले वयात येतात आणि टाकी भरून जाते. अशा वेळी जादा झिंगे मित्रांना द्या, शाळेला द्या, पण ओढ्यात किंवा तळ्यात कधीही सोडू नका. जर्मनीत गिलबाख नावाच्या ओढ्यात वीजकेंद्राचे गरम पाणी येते. हे आशियाई झिंगे तेथे वस्ती करून राहिल्याचे शास्त्रज्ञांना आढळले. आपले ओढे तर मुळातच उबदार आहेत आणि त्यांत आपले स्वतःचे झिंगे आहेत. त्यांच्या घरात परके पाहुणे घुसवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

माझी मुलगी आता नोंदवही ठेवते. तारीख, तापमान, किती पाणी घातले, कोणत्या मादीजवळ अंडी दिसली. पहिल्या पानावर मात्र झिंग्यांबद्दल काही नाही. तिथे तिने लिहिले आहे: "घागरीतले पाणी, दहा मेले." तुम्हीही अशी वही ठेवा आणि आपल्या चुका तिच्यात जरूर लिहा.