वृद्धाश्रमाचा जलसा झाला पाहिजे

मराठी रंगभूमीने म्हाताऱ्या माणसाला प्रामुख्याने दोनच भूमिका दिल्या. एक टिंगलीची, दुसरी दयेची. १८९९ साली रंगमंचावर आलेल्या गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’त पैशाच्या जोरावर कोवळ्या मुलीशी लग्न करायला निघालेला भुजंगनाथ आहे. त्याला लोक हसले ते योग्यच झाले, कारण ते हसणे पैशाच्या माजाला होते. पुढे १९७० साली नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांनी दिग्दर्शित केलेले ‘नटसम्राट’ आले, मग जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ आले आणि म्हातारपण म्हणजे अश्रू हे समीकरण पक्के झाले. दळवींनीच ‘कालचक्र’मध्ये म्हाताऱ्या जोडप्याने स्वतःलाच दत्तक देण्याची मिश्कील कल्पना मांडली, पण तेथेही प्रश्न मध्यमवर्गीय घराच्या उंबरठ्याच्या आतच राहिला.

रडण्याने काय साधते? प्रेक्षक डोळे पुसतो, मोकळा होतो आणि घरी जातो. सगळा दोष कृतघ्न मुलाच्या पदरात पडतो. ज्याने आयुष्यभर राबवून घेतले तो मालक आणि ज्याच्यावर वृद्धांची जबाबदारी आहे ते शासन, दोघेही निर्दोष सुटतात.

अप्पासाहेब बेलवलकर आज एखाद्या वकिलाकडे आले असते तर? मुलाबाळांत मालमत्ता वाटून निराधार झालेल्यांसाठी २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, कलम २३ खाली परत मिळू शकते. ही अट सिद्ध झाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. २०२५ साली याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हिताने लावावा असे म्हटले. म्हणजे दानपत्रात एक ओळ असती, तर ‘नटसम्राट’चा उरलेला भाग उपविभागीय अधिकाऱ्यासमोर झाला असता! कलम १७ ने त्या न्यायाधिकरणात वकिलाला मज्जाव केला (त्यावरही उच्च न्यायालयांत वाद झाले). तेव्हा अप्पासाहेबांनी स्वगते म्हटली असती आणि साहेबांनी घड्याळ पाहिले असते. हसू येते ना? विनोद असा कायद्याच्या फाईलमध्येच बसलेला आहे.

पण आमच्या म्हाताऱ्यांजवळ वाटून द्यायला असते काय? खापरखेड्याच्या वीज केंद्राची क्षमता १,३४० मेगावॅट आहे. त्या केंद्राचा कोळसा आणि राख उपसणाऱ्या कंत्राटी मजुराला ना क्वार्टर, ना पुरेशी पेन्शन. मुलगाही कंत्राटावरच. येथे कृतघ्न कोणीच नाही. दोघांचेही हात रिकामे आहेत. कलम ९ ने निर्वाहभत्त्याची मर्यादा दरमहा दहा हजार ठेवली, पण मुलाच्याच घरी चूल कशीबशी पेटत असेल तर हुकूमनामा कोणावर बजावायचा?

अशा वृद्धांसाठी कलम १९ आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम राज्य शासन ‘स्थापन करू शकेल’, असे त्यात लिहिले आहे. ‘करील’ नाही, ‘करू शकेल’! या एका क्रियापदात शासनाला पळवाट मिळाली. दुसरीकडे निवृत्तिवेतन योजनेला नाव दिले श्रावणबाळाचे. २०२३ साली तिची रक्कम हजारावरून दीड हजार झाली. कथेतल्या श्रावणाने आईबापाला कावडीत बसवून खांद्यावर वाहिले. हा सरकारी श्रावण दीड हजार हातावर ठेवतो आणि म्हणतो, कावड तुमची तुम्हीच उचला.

हे सारे रडून सांगायचे नाही, गाऊन आणि हसवून सांगायचे. अमेरिकेत वृद्धाश्रमाच्या जीवनावर ‘असिस्टेड लिव्हिंग : द म्युझिकल’ नावाचे विनोदी संगीत नाटक झाले. आपल्याला तर बाहेर पाहण्याचीही गरज नाही. सत्यशोधक जलसा आपला, भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा आपला, पूर्व विदर्भाची खडी गंमतही आपलीच. बतावणीला विषयांची वाण नाही. फावडे मारून बोटांच्या रेषा झिजलेला म्हातारा हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा लावतो. यंत्र त्याला ओळखत नाही. तो उभा, बोलतो, खोकतो, तरी कागदावर जिवंत नाही. वाढदिवसाला वृद्धाश्रमात केळी वाटणारे पुढारी येतात. म्हातारीच्या हाती एक केळे आणि फोटो मात्र चार! अशा प्रसंगांवर प्रेक्षक पोट धरून हसेल आणि हसता हसता विचारेल, की हे असे का?

एकोणतीस वर्षांच्या सिद्धार्थाने तोवर म्हातारा माणूस पाहिलाच नव्हता, ही कथा बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये नाकारली. म्हातारपण रोज डोळ्यांसमोर असते. ते दिसत नसेल, तर कोणीतरी ते नजरेआड केलेले असते. वृद्धाश्रम म्हणजे नजरेआडची जागा होऊ नये.

म्हणून खापरखेडा परिसरातील कलापथकांना आणि कार्यकर्त्यांना विनंती आहे. येत्या जयंतीला एक जलसा वृद्धाश्रमावर बसवा. म्हाताऱ्याच्या भूमिका तरुणांना खोट्या दाढ्या लावून देऊ नका. त्या म्हाताऱ्यांनाच द्या. आपल्या आयुष्याचा विनोद त्यांच्याइतका कोणाला कळणार? आणि प्रयोग संपल्यावर मंडपाच्या दारात कलम १९ च्या अंमलबजावणीच्या मागणीचे निवेदन ठेवा. हसून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची त्यावर सही घ्या.