आधी स्टेंट, मग खडा

चार वर्षांच्या मुलाचा मुतखडा काढायला दुर्बीण घालतात आणि तासाभराने डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "आज फक्त स्टेंट टाकलाय, खडा पुढच्या वेळी काढू." आईवडिलांच्या पोटात गोळाच येतो. ऑपरेशन फसलं असं त्यांना वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं, आणि हे त्यांना आधीच नीट सांगायला हवं.

किडनीतला खडा मूत्रवाहिनीत उतरून अडकतो. दुर्बीण लघवीच्या जागेतून मूत्राशयात आणि तिथून उलट्या दिशेने या नळीत चढवायची असते. नळी मूत्राशयाला जिथे मिळते तिथेच ती सर्वांत अरुंद. लहान मुलांसाठीच्या सर्वांत बारीक दुर्बिणींचं टोक साधारण दीड मिलिमीटरचं असतं; किडनीत वळू शकणारी लवचीक दुर्बीण अडीच मिलिमीटरच्या आसपास. दुर्बीण शिरत नसेल तर जोर करायचा नाही. नळी फाटली किंवा पुढे व्रणाने आवळली, तर चांगली किडनी धोक्यात येते.

म्हणून स्टेंट. ही मऊ, पोकळ नळी; दोन्ही टोकांना वेटोळं, एक किडनीत, दुसरं मूत्राशयात. लघवी वाहती राहते आणि एक-दोन आठवड्यांत मूत्रवाहिनी आपोआप सैलावते. या काळात मूल सारखं लघवीला जातं, लघवी करताना कुशीत दुखतं, रंग गुलाबी दिसतो. यात घाबरण्यासारखं नाही; ताप आला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. स्टेंट काढायची तारीख कधीही चुकवू नये, कारण राहून गेलेल्या स्टेंटवरच खडे चढतात.

दुसऱ्या खेपेला दुर्बीण सहसा सहज जाते. आधी बारीक तार खड्याच्या पलीकडे सरकवतात, म्हणजे वाट हातची जात नाही. मग जेमतेम पाव मिलिमीटर जाडीच्या तंतूतून होल्मियम लेझर खड्यावर सोडतात. खड्याची भुकटी होते किंवा तुकडे पडतात, ते छोट्या जाळीत पकडून काढतात. दिसण्यासाठी सलाइन सोडत राहावं लागतं. ते कोमट हवं, कारण लहान मूल भराभर गार पडतं. आणि दाब कमी हवा, नाहीतर लघवीतले जंतू रक्तात ढकलले जातात. लघवीचं कल्चर आधी करायचं ते याचसाठी. एक्स-रेही गरजेपुरता, क्षणभर.

सगळ्याच खड्यांना हा मार्ग लागत नाही. बारीक खडे पुष्कळदा पाण्यासोबत पडतात. किडनीतल्या काही खड्यांवर बाहेरून ध्वनिलहरी चालतात, पण लहान मूल हलू नये म्हणून तिथेही बहुधा भूल द्यावी लागते. दोन सेंटिमीटरहून मोठ्या खड्यासाठी पाठीतून बारीक छिद्र पाडून जावं लागतं.

निघालेला खडा फेकू नका, तपासायला द्या. लहान वयातल्या खड्यामागे बऱ्याचदा कारण सापडतं: लघवीत कॅल्शियम जास्त, सायट्रेट कमी, जंतुसंसर्ग, किंवा लघवीत सिस्टिन उतरण्याचा आनुवंशिक दोष. सिस्टिन निघालं तर भावंडांचीही लघवी तपासावी. आणि खडा कॅल्शियमचा निघाला म्हणून मुलाचं दूध तोडू नका. आहारातलं कॅल्शियम खडा बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. पूर्वी आपल्या देशात गरीब घरांतल्या मुलांना मूत्राशयात खडे व्हायचे, तेव्हा त्यांच्या पोटात नुसतं धान्य जायचं आणि दूध फार थोडं.