सीमा कुठे लागते?

अमेरिकेतली काही ख्रिस्ती महाविद्यालये विद्यार्थ्यांना मेक्सिकोच्या सीमेवर नेतात. स्थलांतर डोळ्यांनी पाहा म्हणून. मुंबईतल्या मिशनच्या कॉलेजात शिकवत असताना मीही मुलांना घेऊन पोलादपूरला गेलो. (सहलच म्हणा हवे तर!) इथे ना कुंपण, ना पहारा.

दिवाळी सरली होती. कातकरवाडीतल्या बहुतेक झोपड्या बंद. माणसे वीटभट्ट्यांवर गेलेली. पावसाळ्यात हाताला काम नसते, तेव्हा मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फेडायला पुढचे सहा-सात महिने विटा पाडायच्या. परतायचे ते मृगाच्या तोंडावर. पोरेही बरोबरच, म्हणजे शाळा बुडालीच.

मागे राहिलेल्या एका म्हातारीला आमच्या विद्यार्थिनीने विचारले, "आजी, तुम्ही नाही गेलात?"

"इटा उचलवत न्हाईत आता," ती म्हणाली. मग तिनेच विचारले, "तू कुठली गं, बाय?"

मुलगी गडबडली. तिचे आजोबा याच तालुक्यातून गिरणीत गेलेले. १९८२ च्या संपात नोकरी गेली, तरी ते मुंबईतच राहिले. गावच्या घराला कुलूप आहे, एवढेच तिला ठाऊक. संध्याकाळी एसटी स्टँडवरून ती घरी फोन करत होती, आपल्या गावाचे नाव विचारायला.